आलं तसं पुढे

दार तिने ढकललं आणि आतून त्याने ओढलं, दोन्ही एकाच वेळी. झालं... भिंगरी थेट त्याच्या दोन स्वेटरांवर जाऊन आदळली, आणि तिच्या हातातली कागदी पिशवी त्याच्या पायावर पडली.

"लागलं का?" तो म्हणाला.

"पिशवीला?"

"पायाला विचारायची पद्धत आहे. पण असू दे, पिशवीही बरी दिसतेय."

भिंगरी हे तिचं कामावरचं नाव. एका खुर्चीत पाच मिनिटं टिकायची नाही, म्हणून मधल्या कंपनीतल्या काकांनी ठेवलेलं. वय सत्तावीस, काम एका छोट्या इंटरनेट कंपनीत राउटर सांभाळायचं. राउटर म्हणजे चौकातला पोलीस. माहितीचं कुठलं पाकीट कुठल्या रस्त्याने जाईल ते तो सांगणार. आज सकाळपासून या पोलिसाचं डोकं फिरलं होतं. शेजारच्या कंपनीकडे जायची वाट त्याच्या वहीत ठळक दिसत होती, पण त्या वाटेने धाडलेलं एकही पाकीट पोचत नव्हतं. दोन दवाखान्यांचे रिपोर्ट अडकले, साहेबांचा तिसरा फोन आला, आणि बाई निघाल्या यंत्रांच्या खोलीत. तीन कंपन्यांची यंत्रं इथे जाळीच्या कपाटांत शेजारी शेजारी उभी. गारठा असा की शिव्या द्यायला तोंड उघडावं तर दातच वाजावेत.

खरं सांगायचं तर पोरीचं बिनसलं होतं सोमवारपासून.

त्याचं असं की तिची कंपनी आणि शेजारची कंपनी यांचा आपसांत करार नव्हता. दोघांचाही करार मधल्या कंपनीशी. तक्रार असली की ती जायची मधल्या काकांकडे, आणि काका पाठवायचे पलीकडे. काका अठ्ठावन्न वर्षांचे, गुडघ्यांनी जेरीस आलेले, आणि एका गोष्टीचा फार अभिमान बाळगणारे. "आपण काना-मात्रा बदलत नाही. आलं तसं पुढे."

पलीकडे कोण बसतो हे तिने कधी पाहिलं नव्हतं. पण आठ महिने त्याच्या तक्रारींच्या शेवटी एक जादा ओळ यायची. "तुमचा राउटर रुसलाय, जरा समजूत काढा." ती उलट लिहायची, "रुसलेल्यांना आम्ही बंद करून परत चालू करतो." मग त्याचं, "माणसांनाही?" होता होता असं झालं की आठवडाभर बिघाड झाला नाही तर तिला चुकल्यासारखं वाटायचं. एकदा तर चांगली चालती केबल तिने जरा हलवून पाहिली होती. कुणाला सांगू नका.

आणि सोमवारपासून एकदम खडखडाट. तिने काहीही लिहावं, पलीकडून दोनच शब्द – "नोंद घेतली."

"कधीची ढवळतेयस," आज सकाळी घरी चहाच्या वेळी ताई म्हणाली होती. "कपात साखर घालायची असते आधी."

तर आता तो दोन स्वेटरवाला परत आत आला आणि केबलच्या रिकाम्या रिळावर लॅपटॉप घेऊन बसला. तिने आपलं कपाट उघडलं, बंद केलं, परत उघडलं.

"तुम्ही बाहेर निघाला होतात ना?" ती म्हणाली.

"तिसरा स्वेटर आणायला. पण म्हटलं तुम्ही एवढ्या फिरताय, खोली तापेल."

"तुम्ही कुठल्या कपाटाचे?"

त्याने अंगठ्याने दाखवलं. काकांच्या कपाटाच्या पलीकडचं.

तिच्या हातातला स्क्रू घरंगळत कपाटाखाली गेला. "म्हणजे... 'नोंद घेतली'... ते तुम्ही?"

त्याने मान वर केली. नीट पाहिलं तिच्याकडे, आणि मग घाईने पडद्याकडे पाहिलं. "आणि तुम्ही रीस्टार्टवाल्या."

आठ महिने जो माणूस शब्दागणिक चिमटे काढत होता, तो आता समोर बसून पडद्यात डोकं घालून होता. काहीतरी बोलायचं म्हणून तिने विचारलं, "तुमच्याकडेही वाट दिसतेय आणि पोचत नाहीये?"

"दिसतेय. ठळक." जरा थांबून, "मी इथे आजचा दिवसच आहे. उद्यापासून दुसरं कुणीतरी बघेल."

"का?"

"बदली. तुम्हाला सोमवारी कळवलं होतं की."

"मला कुणी कळवलं?"

"उत्तरही दिलंत तुम्ही." त्याने फोन पुढे केला, आणि अपमान पाठ झालेल्या माणसासारखं न बघताच म्हणून दाखवलं. "'खूप वर्षं केलंत, आता आराम करा. मला तर तुम्ही वडिलांसारखे आहात.' एकतीस वर्षांचा आहे हो मी. दोन केस पांढरे आहेत, मान्य, पण वडील?"

भिंगरी पहिल्यांदाच एका जागी थिजली.

हे उत्तर तिचंच होतं. पण लिहिलं होतं काकांना. सोमवारी काकांच्या फोनवरून निरोप आला होता – "मी शुक्रवारपर्यंत आहे, मग चाललो. जायच्या आधी एकदा भेटायचं होतं. थांबा म्हणालात तर थांबेन." तिला वाटलं, काका निवृत्त होतायत. डोळ्यांत पाणी काढून उत्तर लिहिलं बिचारीने. आणि आज निरोपाला भेटही घेऊन आली होती.

"पिशवीत काय आहे बघा," ती पुटपुटली.

त्याने बघितलं. गुडघ्याला बांधायचा गरम पट्टा.

"हा मला?"

"काकांना. तो 'मी' मला काका वाटले. त्यांच्या फोनवरून आला ना... खाली नाव नाही, गाव नाही." आणि तिने कपाळावर हात मारला. "काका मला पोरी म्हणतात. अगं-तुगं करतात. 'म्हणालात' कुठून आलं, हे माझ्या लक्षातच नाही आलं."

तो आधी गालात हसला. मग मोठ्याने. "म्हणजे माझा निरोप त्यांनी जसाच्या तसा तुम्हाला दिला, आणि तुमचा जसाच्या तसा मला."

"आलं तसं पुढे," ती म्हणाली. आणि एकदम बोट वर करून उभी राहिली. "थांबा. राउटर. त्यांचा राउटरही हेच करतोय."

"काय?"

"तुमच्याकडची वाट मला काकांचा राउटर सांगतो. तिथे पुढचा टप्पा म्हणून कुणाचा पत्ता लिहिलाय? काकांचा नाही. तुमचा. त्याला वाटतं, तिघे एकाच ओसरीवरचे शेजारी, मधे मी कशाला, जा थेट."

"आणि काल रात्री काकांनी तिघांच्या तारा जोडणारं नवं स्विच बसवलं," तो सावकाश म्हणाला, "त्यात तुमच्या-माझ्यामधे भिंत आहे. आपण दोघं फक्त काकांशी बोलू शकतो."

"पाकिटं भिंतीवर डोकं आपटून मरतायत."

"पाकिटांचं जाऊ दे..." तो म्हणाला, पण पुढचं बोलला नाही. कारण दारात काका होते, गुडघा चोळत.

काकांनी सगळं ऐकून घेतलं. राउटरचं ऐकताना चेहरा पडला, निरोपाचं ऐकताना मात्र मिशीत काहीतरी लबाड हललं. "यंत्र धन्यावर गेलं म्हणायचं. दोन्हीकडे एकेक ओळ टाकतो. नेक्स्ट-हॉप-सेल्फ. म्हणजे पुढचा टप्पा मीच, द्या इकडे, मी पोचवतो." त्यांनी दोन बोटांनी टकटक टाईप केलं आणि एंटरवर बोट ठेवलं. "दाबू?"

"काका, थांबा." स्वेटरवाला उठला होता.

"अरे, दवाखाने खोळंबलेत."

"एकच मिनिट." तो भिंगरीकडे वळला. "आज सकाळी मी बदलीला होकार पाठवला. आमच्या हेड ऑफिसची मेल तुमच्या कंपनीत असते. तेव्हा माझा होकार... या बिघाडात अडकलाय. आमच्याकडे रांगेत पडलाय. काकांनी एंटर दाबलं की मिनिटभरात पोचेल."

"मग काढा ना रांगेतून."

"काढला असता. पण मला अजून कुणी 'थांबा' म्हणालेलं नाही. 'आराम करा' म्हणाले."

भिंगरीने पिशवी या हातातून त्या हातात घेतली, परत या हातात. आठ महिने किती सोपं होतं... लिहायचं आणि मधल्याकडे द्यायचं. आता मधे कुणीच नाही, हातभर अंतरावर दोन स्वेटर आणि त्यावर एक उत्सुक तोंड.

"पोरी," काका हळूच म्हणाले, "अवघड जात असेल तर मला सांग. मी त्याला सांगतो, जसंच्या तसं."

"नको," दोघं एकदम म्हणाले.

मग ती त्याच्याकडे बघत म्हणाली, "थांबा."

"हे काकांना की मला?"

"काकांनी एंटर दाबायचंय. तुम्ही थांबायचंय." आणि एका दमात, "तुम्ही गेलात तर मी चांगल्या केबली उपटत बसेन आणि समजूत काढायला कुणी नसेल. आणि वडिलांसारखे तर तुम्ही अजिबात वाटत नाही."

"कसा वाटतो मग?"

"दवाखाने," काका खाकरले.

त्याने रिळावर बसून चार कळा दाबल्या. रांगेतली होकाराची मेल पुसली गेली, कायमची. "दाबा काका."

काकांनी दाबलं. भिंगरीच्या पडद्यावर मेलेल्या ओळी एकेक करून उठून बसल्या. साहेबांचा चौथा फोन आला, तो तिने उचललाच नाही.

काकांनी पट्टा तिथल्या तिथे बांधून पाहिला, चार पावलं चालले. "ऊब आहे. निवृत्तीला अजून दोन वर्षं आहेत, पण ठेवतो." दारात थांबून म्हणाले, "तक्रारी मात्र माझ्यामार्फतच यायला हव्यात. करार आहे."

"तक्रारी तुमच्यामार्फतच," ती म्हणाली.

"आणि बाकीचं?"

ती उत्तर देणार तेवढ्यात तिचा फोन वाजला. अनोळखी नंबर. स्वेटरवाला कधी बाहेर सटकला होता कुणास ठाऊक. तिने निरोप उघडला.

"जिन्यापाशी उभा आहे. चहा घ्यायचा का? – मी. हा 'मी' म्हणजे मीच."

आणि भिंगरी, जी एरवी कुठेही धावत जायची, ती आज जिन्यापर्यंत मुद्दाम सावकाश चालत गेली. तो थांबणार होता ना.