कोरं घर

विरजण संपलं होतं, म्हणून भांडं घेऊन मी ठमीकडे निघाले. ठमी माझी धाकटी जाऊ. दोघींच्या घरांच्या मधे फक्त सुपारीची बाग. बाग होती म्हणायची, कारण निसर्ग वादळ येऊन महिना झाला होता आणि झाडं आडवी पडलेली. माझ्या घराचं छप्पर उडालं, आम्ही ताडपत्रीखाली राहत होतो. अख्ख्या आळीत एक घर धड नव्हतं, ठमीचं सोडून. तिचं एक कौल हललं नाही. त्याआधी तापाची साथ आली, तीही तिचा उंबरा सोडून गेली. ओढ्याचं पाणी चढलं ते तिच्या पायरीशी थांबलं. ठमीवर देवाची नजर आहे, असं लोक म्हणायचे. ऐकलं की माझा जळफळाट व्हायचा. खोटं कशाला सांगू?

आदल्या दिवशी माझी नात तेजस्वी ओटीवर बसून कॉलेजचं पुस्तक मोठ्यानं वाचत होती. वीज नव्हती, मोबाइल बंद पडलेला. जपानवर मोठा बॉम्ब टाकायचा म्हणून अमेरिकेच्या लोकांनी खोलीत बसून शहरांची यादी केली, त्याचा धडा होता.

"आजी, यादीतल्या शहरांवर साधे बॉम्ब टाकू नका, असं त्यांनी आपल्याच विमानांना बजावलं."

"दया आली असंल."

"दया कसली! शहर आधीच मोडलेलं असलं तर नव्या बॉम्बनं किती मोडलं, ते कसं कळणार? म्हणून कोरी ठेवली. तिथल्या लोकांना वाटायचं, आपलं नशीब चांगलं."

मला ठमीचं घर आठवलं. त्या रात्री महिन्यात पहिल्यांदा मला गाढ झोप लागली.

तर विरजणाला म्हणून ठमीच्या अंगणात पाय ठेवला, आणि सगळं गप्प झालं. भर दुपार, पण कावळा नाही, माशीची घूं नाही. जळक्या लोखंडाचा वास येत होता. ओटीवर कोणी पाठमोरा बसून कागदावर लिहीत होता. मला वाटलं, पंचनाम्याला आलाय. पण पंचनामेवाले पडझड लिहितात, आणि इथं पडलं काय होतं?

"काहीच न झालेलं घर… ते हेच ना?" त्यानं विचारलं. मान वळवली नाही.

मागची भिंत खचलीय, एवढं खोटं बोलले असते तरी पुरे होतं. कालचं वाचन मला शब्द न् शब्द आठवत होतं. तरीही म्हणाले, "हेच. एक कौल हललं न्हाय. लई नशिबाची हाय माझी जाऊ."

"यादीत तुमचंही होतं…" तो हळूच म्हणाला. "आता मोडलं."

कागदावर रेघ ओढल्याचा आवाज आला. भीती नंतर वाटली. आधी राग आला, की इथंही ठमीच?

"कोण गो?" आतून हाक आली. मी दाराकडे पाहिलं, परत वळले, तर ओटी रिकामी. तो बसला होता तिथं हात लावला, शेणानं सारवलेली जमीन तव्यासारखी तापलेली.

ठमी बाहेर आली. "जाऊबाय, कुणाशी बोलत व्हता?"

"ठमे, एखादं कौल फोड तुझं. कारण इचारू नको."

ती हसली. "तुमचं छप्पर गेलं म्हणून माझं फोडू? एवढं जळू नये जाऊबाय, वास येतो."

खरंच बोलली. मी अंगणातला मुठीएवढा दगड उचलला आणि छपरावर भिरकावला. छप्पर बुटकं, समोरच. चुकायला जागा नव्हती.

कौल फुटलं नाही. दगड आपटल्याचा आवाज आला नाही. घरंगळून तो खालीही आला नाही.

दोघी वर बघत उभ्या राहिलो. ठमीचा गार हात माझ्या मनगटावर आला. "जाऊबाय… दगड कुठं गेला?"

आणि तेव्हाही, देवाशपथ, माझ्या मनात पहिलं आलं ते हेच, की हिच्या घराला माझा दगडसुद्धा लागत नाही.

पुढं माझं छप्पर नवं झालं. एक कौल मी फुटकंच ठेवायला लावलं, पावसात गळतं तरी. पाच पावसाळे गेले. ठमीचं घर कोरंच आहे. दगड अजून खाली आलेला नाही.