पलीकडचा काठ

शलाकाच्या खडकावर कुणीतरी बसलं होतं.

बडोद्याहून पहाटेच निघून ती जांबुघोड्याच्या जंगलातल्या या धरणावर यायची, ती याच खडकासाठी. मासेमारी तिला वडिलांनी, उदयसिंहरावांनी शिकवलेली. आता त्यांचे गुडघे साथ देत नव्हते, म्हणून हिवाळ्यातल्या रविवारी ती एकटीच यायची. पाणी इतकं नितळ की काठाजवळचे गोटे मोजावेत, आणि चार हातांवर एकदम खोल, काळंनिळं.

खडकावरचा मुलगा थंडीने आक्रसला होता. त्याचा गळ वरच्या वर तरंगत होता.

"वर काही मिळणार नाही," ती म्हणाली. "थंडीत मासा तळाशी जातो. गळाच्या दोरीला शिसं वाढवा, आणि... जरा सरका."

तो सरकला. नाव शुभंकर, नंदेसरीच्या एका कारखान्यात इंजिनिअर. तासाभरात त्याला रोहू लागला. त्याने तो ओल्या हातांनी उचलला, डोळे भरून पाहिला आणि पाण्यात सोडून दिला. शलाकाने मासा पाहिलाच नाही — ती त्याचे हात पाहत होती.

मग रविवारमागून रविवार गेले. होळीपर्यंत 'तुम्ही'चं 'तू' झालं. पळस फुलला, पाणी उतरू लागलं. उन्हाळ्यात काठाचं पाणी तापतं आणि मासा पुन्हा खोलात शिरतो, हेही तिने त्याला शिकवलं. बोलायचं तेवढं राहून गेलं.

एप्रिलमध्ये तो ऋचाला घेऊन आला.

ऋचा मोकळी हसायची. तिच्या डोक्यावर शुभंकरची टोपी होती. तिला गळ फेकता येईना, तेव्हा त्याने मागे उभं राहून तिचं मनगट धरलं आणि हळूच मागे नेलं. तीन महिन्यांत त्याने शलाकाचं मनगट एकदाही धरलं नव्हतं. धरणार तरी कसा? तिला सगळंच येत होतं!

त्यातच ऋचाला पहिल्याच फेकीत मासा लागला.

ऊन चढल्यावर शुभंकरने विचारलं, आता कुठे बसावं? शलाकाने पलीकडचा उथळ काठ दाखवला. तिथे सावली नव्हती, मासाही नव्हता. ती दोघं दुपारभर तिथे बसली आणि शलाका इकडून त्यांच्याकडे बघत राहिली. ऋचा लालबुंद होऊन परतली, पण कुरकुर न करता तिने डबा उघडून शलाकापुढे थेपले धरले.

पावसाळ्यात माशांच्या विणीमुळे मासेमारी बंद. शुभंकरचे मेसेज येत राहिले, ती उत्तर देईना. मग त्याने उदयसिंहरावांचा नंबर मिळवून त्यांनाच फोन केला आणि धरण किती भरलं ते विचारलं. "मला काय माहीत?" ते लेकीला म्हणाले. "त्याला धरणाचं नाही, तुझं विचारायचं होतं."

दसरा उलटल्यावर पाणी निवळलं. शलाका गेली. तो एकटाच होता.

"त्या दिवशी मी तुम्हा दोघांना मुद्दाम चुकीच्या काठावर पाठवलं," ती उभ्याउभ्याच म्हणाली.

"कळलं होतं. तूच शिकवलेलं, उन्हाळ्यात उथळ पाण्यात मासा नसतो."

"मग गेलास कशाला?"

"तुला माझा राग का आला, ते बसून समजून घ्यायचं होतं." तो थांबला. "पण ऋचाला उन्हात बसवलंस, ते बरं नाही केलंस."

तिने मान खाली घातली. ऋचाची माफी मागायची आहे, म्हणाली. मग धीर करून विचारलं — ती कोण?

त्याने लपवलं नाही. ऋचा आईने सुचवलेलं स्थळ होतं. चांगली मुलगी, नकाराला कारणच सापडेना, म्हणून ओळख करून घ्यायला तो तिला इथे घेऊन आला. परतीच्या वाटेवर ऋचानेच गाडीत विषय काढला होता. म्हणाली, तू अख्खी दुपार गळाकडे पाहिलंच नाहीस, पलीकडे पाहत होतास. घरी नकार तिनेच कळवला.

वारा पडला होता. पाण्यात दोघांची प्रतिबिंबं शेजारी शेजारी उभी होती.

"मला हेवा वाटला," शलाका म्हणाली. "अजून वाटतो."

"आता कशाचा?"

"तू तिचं मनगट धरलंस... त्याचा."

शुभंकर हसला नाही. त्याने रॉड खडकावर ठेवला, हात पँटला पुसून कोरडा केला आणि पुढे केला.

"तुला सगळं येतं गं," तो म्हणाला. "मी काय निमित्त काढणार होतो?"

शलाकाने आपला हात त्याच्या हातात दिला.

"निमित्त कशाला हवं?" ती म्हणाली.