हिरव्या देठाची रोपं

बियाणेवाल्याच्या दुकानात सूनबाई चांगलीच रेंगाळली. कॉसमॉस घेतला तो पांढरा, सदाफुली घेतली ती पांढरी, झिनिया, पिटुनिया, सगळं पांढरं. पाकिटावरच्या चित्रात कुठे गुलाबी झाक दिसली की पाकीट परत सरकवायची.

"ताई, बाग करताय की दवाखाना?" बियाणेवाल्यानं विचारलं. "एखादं तरी लाल घ्या, डोळ्यांना बरं वाटेल."

"लाल बघून बघूनच डोळे शिणलेत माझे," ती म्हणाली आणि हसली. बऱ्याच दिवसांनी हसली. सासूबाईंना जाऊन काही महिने झाले होते, तरी गल्लीत तिला सगळे सूनबाईच म्हणत. सासू गेली, पण हिचं सूनपण काही सुटलं नव्हतं.

तेरड्याचं बी मात्र तिनं विकत घेतलं नाही. ते तिच्याकडे होतं. तिच्या आईच्या दारात पांढरा तेरडा फुलायचा, आणि लग्न झाल्यापासून दर वर्षी आई त्या बियांची पुरचुंडी पाठवायची. दर वर्षी ही ते बी बागेच्या कडेला पेरायची, आणि दर वर्षी सासूबाई ती रोपं बोटभर झाली की उपटायच्या. फूल येईपर्यंत थांबायची त्यांना गरजच नव्हती. तेरड्याचं रोप लहानपणीच आपला रंग सांगून टाकतं. देठ लालसर असेल तर फूल रंगीत, देठ नुसतं हिरवं असेल तर फूल पांढरं. सासूबाई जुना पेपर अंथरायच्या, हिरव्या देठाची रोपं निवडून मुळासकट काढायच्या, आणि सगळी मुळं एका बाजूला येतील अशी त्यावर ओळीनं मांडायच्या. मग म्हणायच्या, "पांढरं फूल म्हणजे देवानं रंग द्यायला विसरलेलं फूल. माझ्या बागेत नको."

बागेचं एक वेळ सोडा. पण त्यांनी पोरगीही तशीच उचलली. ठकी जन्मली ती आजीच्या कुशीत गेली, ती गेलीच. आजीच्या हातचं जेवायची, आजीपाशी झोपायची, आजीबरोबर वाफ्यात उकिडवी बसून रोपं निवडायची. आई हाक मारायची तेव्हा पोर आधी आजीच्या तोंडाकडे बघायची. सूनबाईच्या काळजात तेव्हा कळ यायची. ती कळ तिनं गिळली, पण पचली नाही.

म्हणून सासूबाई अंथरुणाला खिळल्या, तेव्हा तिनं एक काम केलं. त्यांच्या रंगीत तेरड्याचं वर्षानुवर्षं राखलेलं बी डब्यातून काढून गटारात ओतलं, आणि डब्यात माहेरच्या पुरचुंडीतलं मूठभर पांढऱ्याचं बी भरलं. बी सगळं दिसायला सारखंच, तपकिरी. कळणार कसं? शेवटच्या दिवशी म्हातारीनं डबा मागितला. कानाशी धरून हलवला. दोन बिया चिमटीत घेऊन चुरडल्या.

"ही माझी पोरं नव्हेत," म्हातारी हळूच म्हणाली. मग सुनेकडे बघून म्हणाली, "मी पांढरं ठेवत नाही. एकही ठेवत नाही."

आता सूनबाईची आईही गेली होती. ही शेवटची पुरचुंडी. चार दिवस सासूचे संपले, चार दिवस सुनेचे आले, असं मनाशी म्हणत सूनबाईनं वाफे केले आणि पेरलं.

बी छान रुजलं. हिरव्या देठांची दाट रांग उभी राहिली. भिंतीकडच्या कोपऱ्यात, जिथे सासूबाईंच्या झाडांच्या शेंगा फुटून बी उडालं होतं, तिथे लाल देठाची चार-दोन रोपं आपसूक उगवली. तिनं ती दिसताक्षणी उपटली. उपटताना तिला गोड वाटलं, हे खोटं कशाला सांगायचं?

दुसऱ्या दिवशी सकाळी बागेतल्या बाकाखाली पेपर अंथरलेला होता. त्यावर हिरव्या देठाची रोपं ओळीनं मांडलेली. सगळी मुळं एका बाजूला.

तिचा नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. पुढच्या खोलीत मेजाशी बसून डोळ्याला भिंग लावायचा आणि बारीक पोलादी चिमट्यानं चक्रं उचलायचा. घरात काहीही घडो, भिंग डोळ्याचं निघायचं नाही.

"उंदीर असतील," तो म्हणाला.

"उंदीर पेपर अंथरतात?"

"मग वारा असेल."

वारा! सूनबाईनं कपाळावर हात मारला आणि उरलेलं बी पेरलं. पुन्हा रुजलं. कोपऱ्यात लाल रोपंही पुन्हा आली, आधीपेक्षा जास्त. ती लाल उपटायची, सकाळी हिरवी उपटलेली असायची. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तशातली गत. एका संध्याकाळी ती मुद्दाम वाफ्यापाशी बसून राहिली. उजेड मंदावला. मग दुखऱ्या गुडघ्यांना लावायच्या मलमाचा वास आला. सासूबाईंचा वास. आणि वाफ्याच्या पलीकडून, अगदी जवळून, जीभ टाळूला लावून केलेला आवाज... च्... च्... खराब रोप हाताला लागलं की म्हातारी करायची तसा.

ती दचकून उठली. पण भीतीपेक्षा राग मोठा होता. ती घरात गेली, उकळत्या पाण्याचं पातेलं घेऊन आली आणि कोपऱ्यातल्या लाल रोपांवर ओतलं.

"पोर घेतलीत, बाग घेतलीत," ती ओरडली. "मेलात तरी हाव सुटत नाही? घ्या आता! घ्या!"

वाफ निघाली. कुणीतरी दमून श्वास सोडावा तसं काहीतरी ऐकू आलं. मग काहीच नाही.

त्यानंतर रोपांना कुणी हात लावला नाही. तेरडा वाढला, कळ्या धरल्या, फुलला. आईच्या दारातला तोच पांढरा. सूनबाई बघत उभी राहिली आणि रडली. जिंकल्यासारखं वाटलं तिला.

त्याच आठवड्यात वेणी घालताना कानशिलाशी तिचं कातडं हुळहुळलं. नुकत्याच डोकावू लागलेल्या पांढऱ्या बटेच्या जागी तिला आरशात नुसती लालसर, उघडी त्वचा दिसली. ती अनवाणीच बागेत धावली. बाकाखाली पेपर होता. पेपरवर केस होते, पांढरे, ओळीनं मांडलेले. प्रत्येकाच्या टोकाला मुळाचा पांढुरका ठिपका. सगळे ठिपके एका बाजूला.

ठकी बाकावर बसून पाय हलवत होती.

"हे कुणी केलं गं?"

"मुळासकट काढायचं," ठकी शहाण्यासारखी म्हणाली. "नाहीतर परत येतं. आजीनं शिकवलंय."

"कधी शिकवलं?"

पोर जरा विचारात पडली. "काल... तू झोपली होतीस ना, तेव्हा."

सूनबाईनं तिला छातीशी घट्ट धरलं. पोरीच्या फ्रॉकला मलमाचा वास येत होता. त्या क्षणी तिचा सगळा पीळ सुटला. फुलं काय, माहेर काय, पोरीपुढे काही नाही. ती वाफ्यात शिरली आणि फुललेला तेरडा, आईचा तेरडा, दोन्ही हातांनी उपटत सुटली. कॉसमॉस, सदाफुली, झिनिया, काही ठेवलं नाही. पिकलेल्या शेंगा बोटांत फुटत होत्या, बी उडत होतं. ती गुडघ्यांवर बसून एकेक बी वेचत होती.

"घ्या," ती रिकाम्या वाफ्याला म्हणाली. "एकही नाही ठेवलं. चुकलं माझं. आता माझी पोर सोडा."

दुपारी ती गळून पलंगावर पडली. खिडक्या लोटून घेतल्या होत्या. पुढच्या खोलीत घड्याळं टिकटिकत होती. तेवढ्यात दार उघडलं आणि ठकी आत आली. न बोलावता आली. येऊन आईच्या दंडावर डोकं ठेवून निजली. आयुष्यात पहिल्यांदा पोर आपणहून तिच्याजवळ आली होती. सूनबाईचा ऊर भरून आला. तिनं पोरीच्या केसांतून हात फिरवला, आणि कित्येक दिवसांची राहिलेली झोप तिच्या पापण्यांवर उतरली.

जाग आली ती वासानं. मलमाच्या. उठायला गेली तर खांदे हलेनात, कुणीतरी हाडकुळे तळवे रोवून दाबून धरल्यासारखे. खोलीत तर ठकीशिवाय कुणी नव्हतं. ठकी तिच्या उशाशी उकिडवी बसली होती, वाफ्यात बसायची तशी, आणि तिच्या हातात बापाचा बारीक पोलादी चिमटा होता.

"ठके... काय करतेस गं?"

सूनबाईनं डोळे गच्च मिटून घेतले. पुढच्या खोलीतली टिकटिक तेवढी चालू होती. नवऱ्याला हाक मारायला तिनं तोंड उघडलं, पण आवाज फुटला नाही. मग एक छोटंसं, गार बोट तिच्या गालावर आलं आणि खालची पापणी हलकेच खाली ओढू लागलं.

"आई, डोळे उघड ना," ठकी लाडानं म्हणाली. "आजी म्हणते, थोडंसं पांढरं राहिलंय."

उशीशेजारी पेपर आधीच अंथरलेला होता.