अंगावर घेतलेला आळ

"तुमी नका घालू मला पेज! माझ्या आईला बोलवा… न्हायतर उपाशी मरू द्या!" स्वरूपा किंचाळली आणि तिनं भिंतीकडं तोंड फिरवलं.

बावडा गावातल्या त्या घरात हे रोजचंच झालं होतं. स्वरूपाच्या पोटाला छिद्र पाडून डॉक्टरांनी थेट आतड्यात बारीक नळी बसवली होती. तोंडानं घेतलेलं जठराच्या पुढं सरकतच नव्हतं, सकाळचा घोट संध्याकाळी उलटून पडायचा… चुलीवर भाकरी फुगायची आणि त्या वासानं ही पोरगी आतल्या खोलीत टिपं गाळायची! आणि सारं गाव जिच्या नावानं बोटं मोडत होतं ती सासू, कुशाबाई, वेळ झाली की पेज गाळून निमूट तिच्या उशाशी येऊन बसायची.

शेतातल्या ठिबक सिंचनाच्या नळ्यांत क्षार साचले की ॲसिड सोडून त्या धुवाव्या लागतात. कॅन जड, म्हणून लागेल तेवढं कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटलीत ओतून शेतात न्यायचं, ही सगळ्या शिवाराचीच खोड! त्या दिवशी उरलेलं ॲसिड तसंच लिंबाखाली राहिलं. उन्हातनं खुरपून आलेल्या स्वरूपानं ती बाटली तोंडाला लावली आणि… देवा! ती किंकाळी कुशाबाईच्या कानातून अजून गेली नव्हती.

बाटली ठेवली होती रणजितनं, स्वरूपाच्या नवऱ्यानं, कुशाबाईच्या एकुलत्या एक लेकानं. "आई, काय तोंड दावू तिला? जीव देतो मी!" म्हणत तो विहिरीकडं धावला होता. त्याला मिठीत आवळून कुशाबाई म्हणाली होती, "गप! मी ठिवली म्हनून सांगते." आणि मग तिनं सुनेचे तळतळाट सोसले, व्याह्यांच्या शिव्या खाल्ल्या, 'सासूनंच पाजलं' ही कुजबुज ऐकली, पण तोंडातून ब्र काढला नाही!

आतल्या जखमा भरल्या, अंगात थोडी ताकद आली, तेव्हा बारामतीच्या डॉक्टरांनी ऑपरेशनचा दिवस दिला. "जठराचं खालचं तोंड आक्रसून पार बंद झालंय. तो भाग काढून उरलेलं जठर आतड्याला जोडू. मग हळूहळू तोंडानं जेवेल… पण जोखीम आहे."

त्या सकाळी स्ट्रेचरवर नुसता हाडांचा सापळा पडला होता. कुशाबाईनं हात जोडले.

"पोरी, लई मोठा गुन्हा झाला माझ्या हातनं. माफ नको करू, पन बरी हून ये…"

"आजबी खोटंच बोलताय, आत्या?"

कुशाबाईचे जोडलेले हात खाली आले.

"ती बाटली मीच धुऊन यांच्या हातात दिली हुती. पानी भरलं असंल म्हनून बिनघोर तोंडाला लावली. पयल्या दिसापास्नं ठावं हाय मला!"

"मंग… माझा एवढा राग का गं?"

"चूक कुनाच्याबी हातनं हुती वो! पर मी वाट बघत हुते… आज सांगतील, उद्या सांगतील. जवळ बसून एकदा 'माझ्याकडनं झालं' म्हनतील. आन् दर येळंला तुमी मदी उभ्या! लेक वाचवलात, आत्या… पर माझा नवरा मातुर माझ्यापास्नं तोडलात!"

कुशाबाईला हुंदका आवरेना. एवढा जाळ पोटात घेतला, तो संसार सांधायला… आणि त्या खोट्यानंच तो उसवला होता! रणजित खांबाआड उभा राहून सवयीनं आईकडंच बघत होता.

"माझ्याकडं काय बघतुयास?" ती कळवळून म्हणाली. "तिच्याकडं बघ! बोल तिच्याशी!"

तो धडपडत आला, बायकोच्या पायांवर कोसळला. "माझ्याकडनं झालं, स्वरू… मी भ्यालो गं…"

त्याचे डोळे पुसायला कुशाबाईनं पदर उचलला… आणि तसाच खाली सोडला.

स्वरूपानं नवऱ्याकडं बघितलं. "माघारी आले तर बोलू," एवढंच म्हणाली, आणि तिनं काडीसारखा हात सासूपुढं केला. "आत्या, दारापत्तुर तुमी चला माझ्यासंगं."

कुशाबाईनं तो हात धरला आणि लेकाला तिथंच रडत सोडून ती स्ट्रेचरबरोबर चालू लागली.