सतरा नंबरची ताटली

विश्वास कोणावर ठेवावा, सांगा पाहू? बोलणाऱ्या माणसावर, की लिहिलेल्या वहीवर? बसा, चहा सांगितलाय. मीठ-तेल विकता विकता मी अक्षरं शिकलो, त्यामुळं वही म्हटली की माझा हात नमस्काराला आपोआप कपाळाला जायचा. आता जात नाही. आमच्या वसाहतीतल्या सुखरामची पोरगी तृप्ती दुकानात येऊन जे सांगून गेली, ते ऐका.

जुनं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं आणि नव्या वसाहतीत दोन खोल्यांची शाळा उभी राहिली. तृप्ती सातवीत. अक्षर देखणं, म्हणून वासुदेवराव गुरुजी हजेरी तिच्याकडूनच भरून घेत. मुलं एकोणीस, पटावर नावं वीस. सतरा नंबर कामिनीचा. ही कामिनी दोन वर्षांपूर्वी जुन्या घाटावर पाय घसरून पाण्यात गेली, ती सापडलीच नाही.

"गुरुजी, हिले हजर काहून लिवाचं?"

"मड्डं सापडलं नाही, तं दाखला नाही. दाखला नाही, तं नाव कसं काटू? अन् विसाच्या खाली पट गेला का शाळा बंद. मंग जाशीन का रोज भंडाऱ्याले?"

तृप्तीनं वही पुढं ओढली. बापानं सांगूनच ठेवलं होतं, शाळा गावात आहे तोवर शिक, मग घर सांभाळ. तिनं लिहिलं, हजर. रोज लिहू लागली.

खिचडी शिजवणारी शकुनबाई वहीतला आकडा पाहून ताटल्या मांडायची. वीस म्हणजे वीस. विसावी ताटली रांगेच्या टोकाला, तृप्तीच्या शेजारी. तिच्यात नावापुरती डावभर खिचडी पडायची आणि नंतर कुत्र्याला जायची.

मग एके दिवशी कुत्र्यानं ती हुंगली आणि शेपूट घालून पळालं.

खिचडी चावून परत थुंकलेली होती. भाताला हिरवट, चिकट तार सुटलेली. डाळीत माशाचे खवले. आणि एक केस... शकुनबाईनं बोटाला गुंडाळून ओढला, तर येतच राहिला. वर गाळाचा वास, कुजलेल्या पाल्याचा.

"कोन्या पोट्ट्यानं केली रे ही घाण? घरी मायच्या ताटातबी असाच थुकते का?"

"मावशी, तुमची खिचडीच तशी लागून राहिली!" प्रविण म्हणाला. पोरं खिदळली.

तृप्तीला हसू आलं नाही. तिच्या शेजारची आसनपट्टी ओलीचिंब होती. तोंडातला घास तोंडातच फुगत गेला. गिळवेना, थुंकवेना. आणि ती विसावी ताटली रोज तशीच निघायची.

दिवाळीआधी तपासणीचे साहेब आले, भर दुपारी, पोरं जेवायला बसलेली असताना. वही काखेत धरून रांगेवरून निघाले, एकेका डोक्यावर हात ठेवत, मोजत. गुरुजींचा चेहरा पिठासारखा पांढरा. तृप्ती शेवटची. आपल्यावर मोजणी संपणार आणि शाळाही, हे तिला कळत होतं.

"अठरा... एकोणीस..." हात तिच्या डोक्यावरून उचलला गेला. पुढं सरकला. रिकाम्या जागेवर, अंतराळी, अलगद टेकला.

"वीस. बरोबर आहे."

गुरुजींनी श्वास सोडला. शाळा वाचली. साहेब मात्र तळहाताकडं बघत होते. रुमालानं पुसला. पुन्हा पुसला. नाकाशी नेला आणि तोंड फिरवलं.

"काय लावतेस बाळ डोक्याला?" ते तृप्तीच्या शेजारी पाहून म्हणाले. "शेवाळ आहे का हे? अन् इतकी भिजलीस कशानं?"

तृप्तीनं तिकडं पाहिलं नाही. फक्त कानाशी चप् चप् ऐकू आलं... कोणी तरी घाईनं खात होतं. त्या दिवशी ताटली चाटून-पुसून लख्ख होती.

दुसऱ्या दिवशी तिनं ठरवलं, शाळा गेली तर जाऊ दे, सतरा नंबरला गैरहजर लिहायचं. वही उघडली. रकान्यात आधीच लिहिलेलं होतं, हजर. शाईनं नव्हतं. बोटानं, हिरव्यानं, ओलं. तिनं कागद फाटेस्तोवर फडक्यानं पुसलं. ते फाटक्या कागदातूनही उमटलं.

वर्ष झालं. ती ओळ अजून कोणी भरत नाही आणि ती रोज भरलेली असते. परवा पटाच्या शेवटी एकविसावं नाव निघालं. जुन्या गावातलंच, पाण्यात गेलेल्या एकाचं.

चहा घ्या. तुमचंही वहीचंच काम आहे ना, बाप्पा? तेवढं ऐका माझं... हिशोब खरा ठेवजा.