अक्काचा पिवळा ठिपका

ज्यांना पटणार नाही त्यांनी इथेच उठावं. मी शाळेची पायरी फारशी चढले नाही, पण रंगवून सांगायची मला सवय नाही. निम्मं सुनेच्या तोंडचं आहे, निम्मं माझ्या कानांनी ऐकलेलं.

वार गुरुवार. भर दुपारचे साडेतीन.

माझी थोरली सून सर्किट बोर्डांच्या कारखान्यात सोल्डरिंग करते. तांदळाएवढे भाग धातूच्या वितळत्या थेंबाने बोर्डावर जोडायचे. बोर्ड झाला की कोपऱ्यात पेनने आपल्या रंगाचा ठिपका द्यायचा, म्हणजे काम कुणाचं ते कळतं. हिचा हिरवा. शेजारी बसणाऱ्या अक्काचा पिवळा.

वर्षापूर्वी हिने घाईत एक अख्खा ट्रे बिघडवला. सोल्डरची गन नीट तापलीच नव्हती. जोड राखाडी, कच्चे. आणि दुसऱ्याच दिवशी हिला लाइनप्रमुख करायचं ठरलेलं.

अक्का पाणी प्यायला उठली होती.

हिने तिचा पिवळा पेन उचलला...

अक्काला सगळ्यांदेखत कामावरून काढलं. तिने एक बोर्ड उजेडात धरला. "हा हात माझा नाही," एवढंच म्हणाली. हिच्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

त्या रात्री ही रडत माझ्याकडे आली. "आई, मी उद्या खरं सांगून टाकते."

"सांग की! आणि मग बस जन्मभर चुलीपुढे."

हे बोलणारी मीच. सांगतानाही मान खाली जाते.

तीन महिन्यांनी अक्का तापाने गेली.

तर त्या गुरुवारी, आता लाइनप्रमुख झालेली सून एक अवघड ट्रे घेऊन आपल्या जुन्या टेबलाशी बसली होती. तेवढ्यात...

छर्र...

गनचं तापलेलं टोक ओल्या स्पंजावर पुसलं की असा आवाज येतो. पण आला तो अक्काच्या टेबलावरून. तिथे कुणी बसत नव्हतं. गनसुद्धा काढून नेलेली.

"उंदीर कामाला लागला वाटतं," मागची म्हणाली. "आपल्यापेक्षा बरा करेल हो!"

सगळ्या हसल्या. ही हसली नाही. तिने हात लांब करून स्पंज चाचपला.

वर्षभर वाळलेला स्पंज... ओला होता. कोमट.

ती पुन्हा कामाला लागली. सोल्डरचा धूर सरळ वर जायचा. आता तो वाकला... रिकाम्या खुर्चीपाशी गेला... आणि तिथेच नाहीसा झाला. कुणीतरी हळूहळू श्वास घेत असावं तसा.

मागच्या गप्पा केव्हा थांबल्या, तिला कळलंच नाही.

सुट्टीच्या वेळी तपासणीवाला ट्रे घेऊन आला. "ताई, रंग बदलला का? जोड मात्र आरशासारखे झालेत हं."

प्रत्येक बोर्डावर पिवळा ठिपका. अजून ओला.

हिने हिरवेच दिले होते. हिच्या बोटांना हिरवा रंग लागलेला होता.

ही तिथेच फरशीवर बसली आणि सगळ्या लाइनसमोर भडाभडा बोलून मोकळी झाली. कुणी शिवी दिली नाही. मागचीने फक्त आपली खुर्ची बाजूला ओढली.

दुसऱ्या दिवशी मी तिला घेऊन अक्काच्या आईकडे गेले. म्हातारी उंबऱ्यात बसली होती. सुनेने तिच्या पायांशी बसून सगळं सांगितलं. म्हातारीने तिचा हात हातात घेतला.

"तिला त्याच दिवशी कळलं होतं, पोरी. जोड बघितला की हात ओळखू येतो म्हणायची. मी विचारलं, मग बोलली का नाहीस? तर म्हणाली, जाऊ दे गं. नोकरी गेली तर सासू तिला घरात जगू देणार नाही."

मी भिंतीकडे बघत उभी होते.

म्हातारीने डोळे बारीक करून माझ्याकडे पाहिलं. "या कोण?"

"मी... शेजारीण," मी म्हणाले.

सुनेने मान वर केली नाही. परत येताना ती माझ्यापुढे दहा पावलं चालत होती. मी हाकही मारली नाही.

अक्काच्या मनात राग नव्हता, तर मग ती आली कशाला... आणि कुणासाठी?