मास्तर पलीकडच्या गावचे

ट्रेलरचा दोर सुटला तेव्हा डर्वला टलटी नुकतीच चर्चपाशी वळत होती. मागून धडाधड आवाज आले. आरशात पाहिलं तर ॲशच्या झाडाचे तीन ओंडके रस्त्यावर आडवे, आणि त्यांच्यापुढे एक लाल गाडी कशीबशी थांबलेली.

गाडीतून एक उंच माणूस उतरला. भुरभुर पाऊस होता. कोटाची कॉलर वर करत तो आला आणि रागवायचं सोडून चक्क उकिडवा बसून ओंडक्याच्या बुंध्यावरून हात फिरवायला लागला.

"कुठं तोडलं हे?"

"का? तुमचं होतं?"

"नाही हो. पण मुळाशी वळण काय सुंदर आहे... खेळायच्या चार-पाच हर्ली-काठ्या सहज निघतील यातून."

"सहा," डर्वला म्हणाली. "कापणारीला कापता येत असेल तर."

"आणि कापणारी कोण?"

"तुमच्यापुढे भिजत उभी आहे ती."

तो हसला, आणि मग तिनं ओळखलं. फिंटन मॅरिनन. पलीकडच्या ड्रुमीनचा. आठ वर्षं आयर्लंडच्या क्लेअर जिल्ह्याच्या संघातून हर्लिंग हा काठी-चेंडूचा खेळ खेळलेला, आणि गेल्या उन्हाळ्यात एकट्यानं अकरा चेंडू गोलाच्या दांडीवरून मारून तिच्या गावाला, किलबॅरनला, धूळ चारलेला.

"तुम्ही..." ती म्हणाली.

"हो, मीच. माफ करा."

"माफी आमच्या बाबांकडे मागा. दोन दिवस जेवले नव्हते ते. पण इकडे कुठं निघालात?"

"तुमच्या शाळेत. आजपासून मी किलबॅरनचा मास्तर."

डर्वलानं चर्चच्या घड्याळाकडे पाहिलं. सव्वानऊ. "पहिल्याच दिवशी उशीर."

"सांगेन की गावानं ओंडके टाकून वाट अडवली," तो म्हणाला आणि ओंडक्याचं एक टोक उचललं. "चला, तुमच्या बाजूनं धरा."

ते दिवस फेब्रुवारीचे. हर्लिंग खेळून कोणाचं पोट भरत नाही. रविवारी ज्याच्या नावानं हजारो लोक ओरडतात तो सोमवारी सकाळी गाई पिळायला नाहीतर फळ्यापुढे उभा असतो. फिंटन फळ्यापुढे उभा राहिला. तीनचा पाढा त्यानं गुणफलकावरून शिकवला — चेंडू जाळ्यात गेला तर तीन गुण, दांडीवरून गेला तर एक; मग दोन जाळ्यातले आणि अकरा वरचे मिळून किती? महिनाभरात पोरं झोपेतही सतरा म्हणायला लागली. सोमवार ते शुक्रवार मास्तरांवर जीव टाकायचा आणि रविवारी मास्तर हरावेत म्हणून देवापुढे मेणबत्ती लावायची, असा पोरांचा शिरस्ता पडला.

मास्तरांच्या काठ्या मात्र फार मोडायला लागल्या. दर शनिवारी फिंटन मोडकी हर्ली घेऊन टलटींच्या कारखान्यात हजर. भुशात उभा राहायचा, डर्वला रंधा मारायची त्याकडे बघत बसायचा, चहा आणि सोडा ब्रेड संपवायचा, आणि निघताना हमखास विचारायचा, "पुढच्या शनिवारी असाल ना?"

"असेन. काठ्या मोडणारं गिऱ्हाईक सोडून जाऊ कुठं?"

सहाव्या शनिवारी डर्वलानं मोडलेलं टोक उजेडात धरलं आणि उलटसुलट करून पाहिलं.

"सामन्यात मोडली ही?"

"हो... फार मोठी झुंज झाली."

"टक्कर होऊन लाकूड मोडलं तर फाटतं, मास्तर. कुसं निघतात. हे तर लोण्यासारखं कापलं गेलंय." तिनं टोक त्याच्या नाकाजवळ नेलं. "समोरचा खेळाडू करवत घेऊन खेळत होता का?"

फिंटनचे कान आधी लाल झाले, मग गाल. "शाळेतली करवत होती," तो हळूच म्हणाला. "बोथट आहे. अर्धा तास लागला."

"माझं काम असं कापताना काहीच वाटलं नाही?"

"वाटलं. पण शनिवार आला होता, आणि काठी धड होती... मी करणार काय?"

डर्वला हसू दाबायला पाठमोरी झाली, ते काही दाबलं गेलं नाही. "पुढच्या वेळी रिकाम्या हातानं ये, वेड्या. चहा तसाही मिळेल."

"'ये' म्हणालीस."

"तूही आत्ता 'म्हणालीस' म्हणालास."

पत्र्यावर पाऊस तडतडत होता. तिनं किटली पुन्हा स्टोव्हवर ठेवली.

एप्रिल संपता संपता ही गोष्ट गावभर झाली. डर्वलाचे वडील मॅटी टलटी किलबॅरन क्लबचे अध्यक्ष. आईवेगळ्या मुलीला त्यांनीच रंधा धरायला शिकवलं होतं, आणि ते तिच्या वाटेला सहसा जात नसत. पण त्यांच्या डोक्यात वेगळंच शिजत होतं. त्यांनी फिंटनला घरी बोलावलं, बटाटे-कोबी-डुकराचं मांस असं भरपेट जेवायला घातलं आणि बशीशेजारी एक कागद ठेवला.

"मास्तर, तुम्ही आता आमच्या गावात खोली घेऊन राहता. नियमानं आमच्या क्लबकडून खेळू शकता. सही करा. तुम्ही आलात तर यंदाचा जिल्ह्याचा कप आपला. आणि मग..." ते डर्वलाकडे न बघता म्हणाले, "मग या घरात तुम्हाला कोणी परका म्हणणार नाही."

फिंटननं कागद घडी करून खिशात ठेवला. दुसऱ्या दिवशी तो कारखान्यात आला तो कागद आणि पेन दोन्ही घेऊन.

"तेहतीस वर्षांचा आहे मी," तो म्हणाला. "जिल्ह्याच्या संघानं हिवाळ्यात नारळ दिला. ड्रुमीननं चाळीस वर्षांत कप पाहिला नाही, यापुढेही बघेल असं वाटत नाही. आणि तुझे बाबा... मला ते नाराज नकोत. सांग, करू सही?"

डर्वलानं रंधा खाली ठेवला. हो म्हणणं किती सोपं होतं. बाबा खूश, गाव खूश, रविवारी दोघांचा रंग एक.

"तुला चेंडू उचलायला कोणी शिकवलं?"

"पॅकी कॉनहीननं. आमचा पोस्टमन. अजून सरावाला येतो. त्याला दिसत नाही फारसं, पण आवाजावरून सांगतो कोणाचा फटका चुकला ते."

"त्याच्यापुढे आमचा निळा शर्ट घालून उभा राहशील?"

फिंटन हातातलं पेन फिरवत राहिला.

"मी ज्याला चहा देते तो ड्रुमीनचा फिंटन आहे," ती म्हणाली. "माझ्यासाठी तू त्यांना सोडलंस, तर आयुष्यभर मला त्याची भरपाई करत बसावं लागेल. मला नाही जमणार. सही केलीस तर या दारात येऊ नकोस."

"आणि नाही केली तर बाबा येऊ देणार नाहीत."

"त्यांचं मी बघते."

त्यानं कागद स्टोव्हमध्ये टाकला. मॅटींनी त्या दिवसापासून मास्तरांशी बोलणं बंद केलं. रस्त्यात भेटले तर टोपीला हात लावायचे, तेवढंच. भेटी आता कारखान्याबाहेर — समुद्राकाठी वाऱ्यात, नाहीतर एनिसच्या बाजारात — होऊ लागल्या, आणि खरं सांगायचं तर त्या जास्तच गोड लागत होत्या.

आणि मग व्हायचं तेच झालं. ऑक्टोबरात जिल्ह्याच्या अंतिम सामन्यात समोरासमोर कोण? किलबॅरन आणि ड्रुमीन. त्याच आठवड्यात फिंटनची आवडती काठी खरोखरच मोडली. या वेळी कुसं निघाली होती.

डर्वलानं भर दुपारी, बाबांच्या देखत, नवी काठी कापायला घेतली.

"कोणासाठी?" मॅटींनी विचारलं.

"माहीत आहे तुम्हाला."

"आपल्याच गावाला मारायला आपल्याच घरची काठी?"

"हो बाबा."

मॅटी तरातरा बाहेर गेले. तासाभरानं परत आले तेव्हा ती मूठ घासत होती. ते मागे उभे राहून बघत राहिले, मग हात पुढे केला. "दे इकडे." डर्वलानं काठी दिली. त्यांनी काठी तोलून पाहिली, डोळ्यासमोर धरली, कपाळाला आठ्या घातल्या. "मूठ जड झालीय. असली काठी टलटींच्या घरातून जाणार नाही." आणि रंधा उचलून त्यांनी स्वतः तीन पातळ साली काढल्या. "आता ने. मी काही पाहिलं नाही."

सामना एनिसला झाला. डर्वला किलबॅरनच्या माणसांत बसली होती, निळी-पांढरी फीत लावून, आणि नजर मात्र एकाच पिवळ्या शर्टावर. शेवटच्या मिनिटाला किलबॅरन एका गुणानं पुढे होतं. ड्रुमीनला मुक्त फटका मिळाला, दूरवरून, तिरका. फिंटन चेंडूपाशी आला. असे फटके त्यानं शेकड्यांनी दांडीवरून मारले होते. त्यानं चेंडू उचलला, मारला... चेंडू खांबावर आदळला आणि बाहेर गेला.

सगळी निळी गर्दी उठून नाचायला लागली. शेजारी बाबा कोणालातरी मिठी मारून रडत होते. डर्वला एकटीच बसून राहिली, मग उठली आणि कुंपण ओलांडून मैदानात उतरली.

शाळेतली पोरं तिच्या आधीच पोचली होती. मास्तरांभोवती ती ओशाळून उभी होती. एका मुलीनं निळा झेंडा पाठीमागे लपवला होता.

"झेंडा वर धर," फिंटन तिला म्हणाला. "जिंकलात तुम्ही. जा, नाचा." पोरं धावत सुटली, तसा तो गुडघ्यांवर हात ठेवून वाकला. सरळ झाला तेव्हा समोर डर्वला.

"पाहिलंस?"

"पाहिलं."

"पॅकी म्हणाला, फटका चांगला होता, आवाजावरून. बाकीचं वाऱ्याचं काम." त्यानं बाहीनं तोंड पुसलं. "रडू येईल असं वाटलं होतं. येत नाहीये. आपल्या माणसांबरोबर हरलो ना."

"सही केली असतीस तर आत्ता कप तुझ्या हातात असता."

"असता. आणि तू नसतीस." त्यानं काठी जमिनीला टेकवली. "खरं तर... कप हातात घेऊन तुला एक गोष्ट विचारायची, असं मी ठरवलं होतं. आता पुढच्या वर्षी—"

"पुढच्या वर्षी?" डर्वला म्हणाली. "ड्रुमीनचा संघ पाहिलाय मी, फिंटन. कपाची वाट बघत बसले तर माझे केस पांढरे होतील. आत्ता विचार."

"इथं? अख्खं किलबॅरन बघतंय."

"बघू दे की. उद्या सांगत फिरायचे कष्ट वाचतील."

त्याच्या गुडघ्यांना चिखल होता, कपाळावर खरचटलं होतं, आणि आठ वर्षं हजारोंपुढे खेळलेल्या त्या माणसाचा आवाज कापत होता. "डर्वला... माझ्याशी लग्न करशील?"

"हो."

नेमका तेव्हाच बँड सुरू झाला. फिंटननं कपाळाला आठ्या घातल्या, कानामागे हात नेला. "काय म्हणालीस?"

मग तिनं त्याच्या शर्टाला धरून त्याला जवळ ओढलं, आणि ढोलांच्या वर आवाज काढून, तिकडे कपाजवळ उभ्या असलेल्या बाबांनाही वळून बघावं लागेल इतक्या मोठ्यानं, पुन्हा "हो" म्हणाली.